जनआरोग्य योजना : हक्क की मेहेरबानी?

(द्वितीय वर्ष, कला)

‘कार्ड आहे ना, मग काळजी कसली?’ असे आपल्या भागात आजाऱ्याच्या घरी हमखास ऐकू येते. पण या कार्डामागे कोणाचा पैसा आहे आणि तो आटला तर काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. वास्तविक शिरूर कासारसारख्या ऊसतोडीवर जगणाऱ्या दुष्काळी तालुक्यात तो सर्वांत आधी व्हायला हवा.

गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च शासनाने उचलावा, ही कल्पना १९९७ च्या जीवनदायी योजनेपासूनची. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना पुढे बीडसह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही लागू झाली. २०२३ च्या निर्णयाने ती सर्वांना खुली झाली आणि दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. रुग्णाने काही द्यायचे नाही. रुग्णालयाला ठरलेल्या दराने पैसे नंतर मिळतात.

या ‘नंतर’ शब्दातच मेख आहे. कोणतेही सरकार ‘गरिबांचे उपचार बंद’ असे जाहीर करणार नाही. कपात होते ती मुकाट्याने. बिले थकली, दर जुनेच राहिले, की रुग्णालयात खाट ‘शिल्लक नाही’ असे उत्तर मिळू लागते. यादीत नावाचा काना-मात्रा चुकला की माणूस योजनेबाहेर. आमच्यासारख्या घरांत, जिथे अर्जसुद्धा दुसऱ्याने वाचून दाखवावा लागतो, तिथे ही कपात कोणाला दिसतही नाही.

शिवाय ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होण्यापुरती. अंगावर काढलेली दुखणी तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांसाठी जवळचा सरकारी दवाखानाच हवा. तो दूर असला की काय होते, हे बीड जिल्ह्याने पाहिले आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीला ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ही आकडेवारी वाचून मान खाली जाते.

अपंगांची तऱ्हा तर निराळीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात उत्पन्नाच्या अटीवर त्यांना जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा देण्याची तरतूद आहे. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखाची विमा योजनाही आहे. तीत बाह्यरुग्ण उपचारही येतात, ही तिची मोठीच गुणवत्ता. परंतु पैसे आधी खिशातून घालायचे आणि पावत्या जोडून मग मागायचे! ज्याच्या खिशातच नाही त्याने काय जोडावे?

म्हणून मला वाटते, भांडण केवळ पाच लाखांच्या आकड्याचे नाही. फुले योजना शासन निर्णयावर उभी आहे, आणि एका निर्णयाने दिलेले दुसऱ्या निर्णयाने आकसते. याचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबली, पण शासन तेवढ्यावर थांबले नाही. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तिच्यासाठी नोकरदारांच्या व्यवसाय कराचा पैसा बाजूला काढण्यात आला. खडी फोडणाऱ्या मजुराला काम ‘मागता’ येऊ लागले, ते यामुळे.

पैसा नाही, असा आक्षेप येईल. पश्चिम बंगालमधील एका जखमी शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले की, पैशाच्या टंचाईचे कारण देऊन राज्याला जीवरक्षक उपचारांची जबाबदारी टाळता येणार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. खाजगी डॉक्टरांनी संप पुकारला, तरी कायदा संमत झाला.

असा कायदा आपल्याकडे झाल्यास त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात : रुग्णालयाची बिले किती दिवसांत चुकती करायची, उपचार नाकारल्यास कारण लेखी द्यायचे, आणि दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडणाऱ्याचे कार्ड फडापाशीही, मग तो फड कर्नाटकात का असेना, चालायचे.