उभ्या गाडीचा गिअर अडकल्यास
पावसाळाभर उभी असलेली मालाची गाडी लग्नसराईच्या तोंडावर काढावी, तर गिअर पडत नाही. अशा वेळी दांड्यावर जोर करू नये. हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून गिअर टाकून पाहावा. बंद इंजिनावर पडतो, पण चालू इंजिनावर पडत नाही, तर दोष बहुधा क्लचचा. ओलाव्याने क्लचप्लेट गंजून चिकटते किंवा क्लचचे ऑईल कमी झालेले असते. बंद इंजिनावरही पडत नसेल, तर आधी गिअरची केबल व सांधे तपासावेत. आम्ही हे न पाहता गिअरबॉक्स खोलू दिला. दोष गंजलेल्या केबलचा निघाला. मजुरी गेली, माल आठवडाभर अडकला. व्यापारी बांधवांनी दर आठवड्याला गाडी चार-पाच मैल फिरवावी. इन्शाअल्लाह, हा खर्च टळेल.