आल्या, राहिल्या, रुजल्या

आमच्या पाबळला बाहेरचं माणूस नवं नाही. कुणी मस्तानीची समाधी बघायला येतं, कुणी डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम. बचत गटांच्या कार्यक्रमांनाही पाहुणे येतात. नारळ, गुलाबपुष्प, ‘दोन शब्द’, फोटो झाले की गाडी निघते. त्यातल्या किती जणांचे शब्द आठवडाभर तरी टिकतात?

शेजारच्या दौंड तालुक्यातल्या केडगावात मात्र एका परदेशी बाईचे शब्द टिकले आणि पार दुसऱ्या खंडात पोचले. पंडिता रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायकांना त्यांनी आणलं आणि केडगावच्या माळरानावर ‘मुक्ती’ उभी राहिली. पण या कामात त्यांच्या बरोबरीनं राबलेल्या मिनी अब्राम्स यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

या अमेरिकन बाई १८८७ मध्ये मेथॉडिस्ट चर्चच्या सेविका म्हणून मुंबईत आल्या. त्या काळी त्यांच्या चर्चमध्ये स्त्रीला पाळकाचा पूर्ण अधिकार मिळत नसे. बाईंनी त्यावर अडून न बसता मराठी शिकून घेतली आणि बायकांमध्ये काम सुरू केलं. १८९८ मध्ये रमाबाईंना संस्थेसाठी अमेरिकेला जायचं होतं. एवढा मोठा संसार कुणावर सोपवायचा? तेव्हा अब्राम्सबाई केडगावला आल्या आणि रमाबाई परतल्यावरही तिथंच राहिल्या.

१९०३ मध्ये रमाबाईंची लेक मनोरमा आणि अब्राम्सबाई ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथल्या चर्चमध्ये श्रद्धेची नवी लाट आल्याचं रमाबाईंच्या कानावर आलं होतं. मला यातली गंमत अशी वाटते, की आपण नेहमी गोऱ्या मिशनरींनी इकडे येण्याच्याच गोष्टी ऐकतो. इथं दुष्काळातल्या लेकरांना सांभाळणाऱ्या संस्थेतली मराठी मुलगी समुद्रापार जाऊन तिथल्या श्रद्धावंतांना भेटत होती.

पुढे १९०५ मध्ये केडगावला रोज प्रार्थनेचे गट बसू लागले. त्या जूनमध्ये मुलींमध्ये भक्तीचा मोठा उमाळा आला. कुणी रडत होत्या, कुणी रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या. अनेक मुली गावोगाव आपला अनुभव सांगायला निघाल्या. ज्यांना घरानं अपशकुनी ठरवून टाकलं होतं, त्या चारचौघांत उभ्या राहून बोलू लागल्या! धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी ही गोष्ट लहान नव्हे.

हे सगळं अब्राम्सबाईंनी १९०६ मध्ये एका छोट्या पुस्तकात लिहिलं आणि चिली देशात असलेल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूवर यांना पाठवलं. मे यांचे पती वालपाराइसोमध्ये पाळक होते. ते वाचून तिथले लोक प्रार्थनेला बसू लागले आणि १९०९ मध्ये त्यातून एक स्वतंत्र चळवळ उभी राहिली. चिलीतली पेंटेकोस्टल चर्चेस आपला उगम सांगताना केडगावच्या मुलींपर्यंत मागे जातात. आपल्याला मात्र ते ठाऊकही नसतं.

धर्मांतराचा विषय निघाला, की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. रमाबाईंनाही ते चुकलं नाही. १८९३ मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातले मोठमोठे सुधारक राजीनामे देऊन बाहेर पडले. त्यांची शंका खरी की खोटी, यावर वाद होत राहील. पण रमाबाईंची श्रद्धा वगळून त्यांचं काम तेवढं घ्यायचं, हे मला अर्धवट वाटतं. ज्या बळावर त्या उभ्या होत्या, ते बळ त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

अब्राम्सबाई १९१२ मध्ये भारतातच वारल्या. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी रमाबाईही. मुक्ती मिशन आजही केडगावात काम करतंय.

धीर देणारं माणूस वक्ता असायलाच हवं असं नाही. आपली भाषा शिकणारं, घरधनीण परगावी असताना चुलीपासून हिशेबापर्यंत सांभाळणारं आणि आपल्या मुलींचं मोठेपण जगाला कळवणारं माणूस आलं, तर ते पाहुणं राहत नाही. अशी एखादी बाई तुमच्याही गावात होऊन गेली असेल. तिचं नाव विचारून ठेवा.