प्रॉक्सीची फुगणारी मेमरी: समज आणि वस्तुस्थिती

काही वर्षांपूर्वी वाशिम जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात, तुटपुंज्या इंटरनेट-जोडणीवर चाळीस संगणकांचे भागावे म्हणून बसविलेला, एकदा आलेली पाने साठवून पुन्हा पुरविणारा स्क्विड प्रॉक्सी दोन-तीन महिने चोख चालून पुढे इतका मंदावला, की एक पान उघडेपर्यंत तासिकेतील निम्मा वेळ सरे. आणि मी तेथे पोहोचण्यापूर्वीच, प्रोग्रॅममध्ये मेमरीची गळती आहे, असे निदान मुक्रर होऊन गेले होते.

हाच सर्वांत रूढ गैरसमज. स्क्विडच्या कॉन्फिगरेशन फाइलीत ‘कॅश_मेम’ ही ओळ असते, तिचे मूळ मूल्य २५६ एमबी. आणि तीच साऱ्या प्रोग्रॅमची कमाल मर्यादा, असे धरून पुष्कळजण तिच्यापुढचा वापर म्हणजे गळती मानतात. वस्तुतः ती मुख्यत्वे रॅममध्ये साठवावयाच्या पानांपुरती आणि चित्रांपुरती तरतूद होय. डिस्कवरील साठ्याची सूचीही रॅममध्येच वसते. माल दूरच्या गोदामात असला तरी त्याची वही दिवाणजीच्या हाताशीच हवी, त्यातलाच हा प्रकार. ६४-बिट यंत्रावर डिस्कवरील साठ्याच्या दर जीबीमागे ही वही सुमारे १४ एमबी रॅम घेते. येथे रॅम ४ जीबी, कॅश_मेम २ जीबी आणि डिस्कवरील साठ्याची मर्यादा २०० जीबी, म्हणजे एकट्या वहीलाच २.८ जीबी! साठा जसजसा भरत गेला तसतशी वही वाढली, रॅम अपुरी पडली, लिनक्सने मेमरीचा काही भाग डिस्कवरील स्वॅपमध्ये हलविला, आणि एकेका नोंदीसाठी डिस्कपर्यंत हेलपाटे सुरू झाले.

रोज पहाटे सर्व्हर पुन्हा सुरू करावा, हा दुसरा लाडका तोडगा. त्याने रॅममधील ऊबदार साठा तेवढा नाहीसा होतो. सूची मात्र डिस्कवरील नोंदींवरून पुन्हा उभी राहते, आणि पावसाळ्यात वीज जाऊन यंत्र अवचित बंद पडले असेल, तर ही फेरउभारणी अधिकच रेंगाळते.

लिनक्सच्या ‘फ्री’ या आज्ञेत मोकळी मेमरी नगण्य दिसली म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या साठ्यासाठी वापरतो व गरज पडताच सोडतो, यास्तव ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा.

कॅश जितकी मोठी तितका वेग अधिक, ही समजूत तर आज फारच महाग पडते. कारण एचटीटीपीएसची वाहतूक प्रॉक्सी सामान्यतः मोहोरबंद लिफाफ्यासारखी पुढे पोहोचवितो, ती त्याला वाचता येत नाही आणि साठविताही येत नाही.

खरी गळती कधी असतच नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु डिस्कवरील आणि रॅममधील दोन्ही साठे काठोकाठ भरल्यावर, वर्दळ तेवढीच असताना, मेमरी आठवडेच्या आठवडे चढतच राहिली, तरच तिचा संशय घ्यावा.

त्या कक्षात आम्ही नवी रॅम घेतली नाही. साठा ८० जीबीवर आणला, कॅश_मेम ५१२ एमबी केले. साठा घटेपर्यंत वाट पाहून स्क्विड एकवार पुन्हा सुरू केला, आणि दुसऱ्या दिवशी ऐन वर्दळीत ‘व्हीएमस्टॅट’ चालवून पाहिले, तेव्हा स्वॅपच्या दोन्ही रकान्यांत ओळीमागून ओळ शून्येच उमटत होती.