पाणबुड्याच्या काचेमागची हवा

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही. पण विहिरी पुष्कळ. पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेल्या विहिरीतच तुमच्यापैकी अनेकजण पोहायला शिकले असतील. बुडी मारून डोळे उघडले की जवळच्या सवंगड्याचा चेहराही ओळखू येत नाही. पाणी अगदी नितळ असले तरी सारे पुसटच दिसते. असे का व्हावे?

प्रकाशकिरण वाकविण्याचे काम डोळ्यातील भिंगच करते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सुमारे दोनतृतीयांश काम डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, करते. पारपटलाचा अपवर्तनांक सुमारे १.३८ आणि हवेचा १. या मोठ्या फरकामुळे किरण चांगले वाकतात. पाण्याचा अपवर्तनांक मात्र १.३३ आहे. फरक जवळजवळ उरतच नाही, किरण फारसे वाकत नाहीत आणि दृष्टिपटलावर प्रतिमा स्पष्ट पडत नाही.

हे पडताळून पाहायचे आहे? छापील कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थाळीच्या तळाशी ठेवा. त्यावर भिंग धरून अक्षरे पाहा. मग भिंग पूर्ण बुडेल इतके पाणी ओता आणि पुन्हा पाहा. काचेच्या भिंगाची शक्ती पाण्यात सुमारे एकचतुर्थांशच राहते.

थायलंडच्या किनाऱ्यावरील मॉकेन जमातीची मुले बाहुली अतिशय लहान करून पाण्याखाली बरेच स्पष्ट पाहू शकतात, असे २००३ साली स्वीडनमधील संशोधक ॲना गिस्लेन यांनी दाखवून दिले. आपल्याला मात्र डोळ्यांपुढे हवेचा थर हवा. पाणबुड्याचा मास्क हेच काम करतो. सपाट काचेतून पाहताना वस्तू पाऊणपट अंतरावर भासते. ४ मीटरवरचा मासा ३ मीटरवर आल्यासारखा वाटतो. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पहिल्यांदा उतरणाऱ्याचा हात म्हणूनच अलीकडे, रिकाम्या पाण्यात पडतो!

मग साधा पोहण्याचा चष्मा का चालू नये? येथे बॉइलचा नियम आडवा येतो. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे होऊ पाहते. काच तर आक्रसत नाही. मग चेहऱ्याची मऊ कातडी आणि डोळे आत ओढले जातात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि डोळे लालभडक होतात. यावर उपाय एकच: नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडणे. पोहण्याच्या चष्म्यात नाक बाहेर राहते, म्हणून तो पृष्ठभागावर पोहण्यापुरताच. बुडी मारण्याच्या मास्कमध्ये नाक आत असलेच पाहिजे.

आता मास्क कोणता निवडावा? समजा, मास्कमध्ये २०० घनसेंटिमीटर हवा मावते. २० मीटरवर दाब तिप्पट होतो. तेव्हा तेवढीच जागा भरण्यासाठी पृष्ठभागावरच्या मापाने ६०० घनसेंटिमीटर हवा लागते. म्हणजे ४०० घनसेंटिमीटर वाढीव हवा. स्कूबा पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी असते. त्याला याची चिंता नाही. तो ऐसपैस काचेचा मास्क घेऊ शकतो. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याला मात्र ही हवा आपल्या एकाच श्वासातून द्यावी लागते. ८० घनसेंटिमीटरच्या मास्कला हीच वाढीव हवा १६० पुरते. म्हणून त्याचा मास्क लहान आणि काच डोळ्यांच्या अगदी जवळ असते. काच जवळ असल्याने ती लहान असूनही दृष्टीचा टप्पा फारसा कमी होत नाही.

किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे ते चेहऱ्याशी जमणे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा! मध्ये केस किंवा दाट मिशी आली की पाणी झिरपते. चष्म्याच्या काड्यांनीही तेच होते, म्हणून चष्मा असणाऱ्यांनी नंबरची काच बसविलेला मास्क घ्यावा. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही. उलट कडा दुमडून ती वाढते. कडा मऊ सिलिकोनची आणि काच कणखर केलेली असावी. साधी काच फुटली, तर तिचे अणकुचीदार तुकडे डोळ्यांसमोरच असतात.

एक गोष्ट मात्र कोणताही मास्क करू शकत नाही. बुडीआधी भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो. श्वासाची निकड उशिरा जाणवते आणि त्याआधीच ऑक्सिजन कमी पडून माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून विहिरीचा तळ गाठण्याच्या पैजा लावू नका. जाणत्या पोहणाऱ्याची नजर तुमच्यावर असल्याशिवाय बुडी मारू नका.

आता एक उदाहरण सोडवा: १०० घनसेंटिमीटरच्या मास्कला ३० मीटरवर किती वाढीव हवा लागेल? उत्तर ३०० आले, तर बॉइलचा नियम तुम्हाला नीट समजला!