चिठ्ठीच्या पुढचं काम

आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येणार म्हटलं की पहिली धावपळ गुरुजींची होते. हजेरीपट काढायचा, सतरंज्या गुंडाळायच्या, वजनकाट्यासाठी सपाट फरशी शोधायची. पालघर जिल्ह्यातल्या ज्या जिल्हा परिषद शाळेत मी हे पाहिलं, तिथे अशी फरशी मुख्याध्यापकांच्या टेबलाखालीच निघाली. टेबल व्हरांड्यात गेलं.

पथक चार जणांचं. दोन डॉक्टर, एक पुरुष आणि एक बाई, शिवाय एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले, नेमणूक कंत्राटी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही रचना. ६ फेब्रुवारी २०१३ला त्याची देशपातळीवरची सुरुवात पालघरमध्येच झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब वेळेत हेरायचे, हा त्याचा उद्देश. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं, शाळेत एकदा.

एकदाच जायचं, म्हणून नजर तयार लागते. नजर तपासणीचा तक्ता भिंतीवर लागला. वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेली ‘ई’ची चिन्हं, ज्या बाजूला फाटे, त्या बाजूला मुलाने बोटं करायची. तिसरीतली मुलं भराभर उत्तरं देऊ लागली तेव्हा औषधनिर्मात्याला संशय आला. रांगेतली पोरं पुढच्याची उत्तरं पाठ करत होती! त्याने रांगेला भिंतीकडे पाठ करून उभं केलं आणि ओळी खालून वर विचारायला लागला. दोन मुली लगेच अडखळल्या. त्यांतली एक वर्गात नेहमी पुढे बसते, हे गुरुजींना माहीत होतं. ती हुशार आहे म्हणून पुढे बसते, असा त्यांचा समज होता.

डॉक्टरबाईंचा हात ठरल्या वाटेने फिरतो. खालची पापणी ओढून आतला रंग, मग नखं, जीभ, दात, कान. बोटांच्या बेचक्यात खरूज. पाठीवर फिकट चट्टा दिसला की मुलाला डोळे मिटायला सांगून पेनचं टोक हलकेच टेकवायचं आणि ‘कुठं लागलं, बोट ठेव’ म्हणायचं. चट्टा बधिर असेल तर कुष्ठरोगाची शंका. बहुतेक वेळा तो साधा नायटा किंवा शिबं निघतो, पण पेन टेकवल्याशिवाय बाई पुढे जात नाहीत.

एका मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप जास्त वेळ थांबला. बाईंनी त्याला आडवं करून पुन्हा ऐकलं, सहकाऱ्यालाही ऐकवलं. ठोक्यांच्या मध्ये वेगळा आवाज होता. असा आवाज निरुपद्रवीही असू शकतो. खात्री इको तपासणीनेच होते. त्याच्या नावाची संदर्भ चिठ्ठी तयार झाली. दोष निघालाच तर शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून मोफत होते.

गुरुजींनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “याला न्यायचं कधी?” दिवाळी तोंडावर होती. दिवाळी झाली की मुलाचे आईवडील वीटभट्टीवर जाणार, पोरगंही सोबत जाणार, आणि परत येणार ते पावसाच्या तोंडावर.

मला या कामाचं खरं मर्म इथे दिसलं. तपासणीचा आकडा पथकाचा. तपासलेलं मूल दवाखान्यापर्यंत पोचवणं मात्र कुणा एकाचं काम नाही. आरोग्य विभाग चिठ्ठी देतो, शिक्षण विभाग हजेरी घेतो, आणि मूल या दोन्ही कागदांच्या मधून निसटतं. आयुष्मान भारतखाली २०२०पासून शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायची योजना आहे. कल्पना चांगली, पण बहुतेक खेड्यांत तेच शिक्षक लोहाच्या साप्ताहिक गोळ्या वाटतात, १० फेब्रुवारीला जंताची गोळी चावून खायला लावतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात. जी शाळाच दोन शिक्षकी, तिथे दूत निवडायचे कोणातून?

फाटकाबाहेरचंही तसंच. तंबाखू शाळेपासून शंभर यार्डांत विकायची नाही, जास्त मेद-मीठ-साखरेचे पदार्थ पन्नास मीटरच्या आत विकायचे नाहीत, हे नियम लेखी आहेत. डॉक्टरबाई किडलेल्या दाढांची नोंद करतात. समोरच्या टपरीवर लटकलेल्या पुड्यांच्या माळा हटवायचा अधिकार त्यांना नाही.

जेवणाच्या सुट्टीत खिचडीची पातेली उतरली तेव्हा बाई गुरुजींपाशी बसल्या. त्यांनी वडिलांचा फोन नंबर मागितला. फोन बंद. मग भट्टीच्या मुकादमाचा मागितला. आरोग्य कार्डावर मुकादमासाठी रकाना नसतो. नंबर समासात लिहून, इको तपासणीची तारीख दिवाळीआधी मिळते का हे विचारायला त्यांनी जिल्ह्याच्या केंद्राला तिथूनच फोन लावला.