फेरिस्त आणि मुद्रा

ज्या संस्थेला स्वतःची इमारत नाही, जिच्या दफ्तरात पगारी कारकून नाहीत, आणि तरीही जिच्या भांडारातून उचललेल्या मालावर जगभरच्या प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि कचेऱ्या अहोरात्र चालत आहेत, अशा एका संस्थेचा परिचय करून द्यावा, अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हा शिरस्त्याप्रमाणे मी प्रथम तिचा अधिकृत इतिहास वाचून काढला. पण मन रमले ते त्या भांडाराच्या दाराशी ठेवलेल्या एका लहानशा दस्तऐवजापाशी.

संस्था म्हणजे 'डेबियन', लिनक्सवर आधारलेली संगणक-प्रणाली घडविणारा स्वयंसेवकांचा प्रकल्प. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली आणि डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे नाव स्वतःच्या नावाशी जोडून प्रकल्पाचे नामकरण केले. पुढे स्वयंसेवक वाढत गेले, २००४ मध्ये तिच्याच पायावर 'उबुंटू' ही दुसरी प्रणाली उभी राहिली, आणि जून २०२३ मध्ये निघालेल्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे, म्हणजे संगणकावर बसविण्याजोगे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती. इतिहास एवढा पुरे.

हा प्रचंड माल संस्था स्वतःच्या हातांनी घरोघर पोचवीत नाही. निरनिराळी विद्यापीठे, इंटरनेट कंपन्या आणि हौशी मंडळी आपापल्या सर्व्हरवर भांडाराची हुबेहूब नक्कल ठेवतात. अशा नकलेस मिरर म्हणतात, आणि ग्राहकाचा संगणक जवळच्या मिररकडून माल घेतो. मिररचा मालक सज्जन असेलच असे नाही; तो सज्जन असला तरी त्याच्या सर्व्हरवर कोणी घुसखोरी केलेली नसेलच असे नाही; आणि कित्येक वर्षे हे दळणवळण साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे वाटेतल्या कोणासही वाचता व बदलता येईल अशा मार्गाने चालत असे. त्यातच पॅकेज बसविताना संगणक आपले सर्वाधिकार त्या पॅकेजाच्या हवाली करतो. अपरिचिताच्या हातून, उघड्या रस्त्याने आलेल्या मालावर इतका विश्वास कोणत्या आधारावर टाकावयाचा, हा या संस्थेपुढचा मूळ प्रश्न होता.

त्याचे उत्तर म्हणजे तो दस्तऐवज, 'रिलीज' नावाची एक मजकुराची फाइल. डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजावर वेगळी स्वाक्षरी नसते, हे कळल्यावर मला प्रथम नवल वाटले. विकसक आपले काम भांडाराकडे पाठविताना त्यावर स्वतःची डिजिटल स्वाक्षरी करतो आणि ती तपासूनच माल दाखल करून घेतला जातो. पण पुढे ग्राहकापर्यंत जाते ती निराळीच साखळी. प्रत्येक पॅकेजाचा एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढतात, म्हणजे त्याच्या एकूण एक बाइटवर अवलंबून असलेला ६४ अक्षरांचा ठसा. हे सारे ठसे 'पॅकेजेस' नावाच्या लांबलचक फेरिस्तीत नोंदले जातात. त्या फेरिस्तींचे पुन्हा ठसे काढून ते 'रिलीज' फाइलमध्ये उतरवितात. आणि त्या एकाच फाइलवर भांडाराच्या खाजगी किल्लीने शिक्कामोर्तब होते. दिवसातून चार वेळा भांडार अद्ययावत होते आणि चारही वेळा हा विधी नव्याने पार पडतो. ग्राहकाच्या संगणकाजवळ त्या खाजगी किल्लीची जोडीदार असलेली भांडाराची सार्वजनिक किल्ली आधीपासून असते. 'ॲप्ट' हा कार्यक्रम तिने मुद्रेची खातरजमा करतो, मग फेरिस्तीची, मग पॅकेजाची, आणि कोठेही एका अक्षराची तफावत आढळली की माल नाकारतो. मिरर कोणाचा आहे, हा प्रश्नच त्यामुळे गौण ठरतो.

शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर जेथे संपे तेथे 'मर्यादेयं विराजते' ही मर्यादामुद्रा उमटवीत, म्हणजे त्याखाली कोणास एक ओळही घुसडता येऊ नये. 'रिलीज' फाइल मी माझ्या संगणकावर उघडून वाचली, तेव्हा ठशांच्या त्या रांगांखाली स्वाक्षरीचा तो दुर्बोध अक्षरगुच्छ पाहताना मला त्या मर्यादामुद्रेची आठवण झाली. एवढ्याशा कागदाने हजारो ग्रंथांइतक्या मजकुराचे रक्षण करावे, ही कल्पना मला आजही विलक्षण सुंदर वाटते.

ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून नव्हती. नोव्हेंबर २००३ मध्ये एका विकसकाचा चोरलेला पासवर्ड आणि लिनक्सच्या गाभ्यातील एक दोष यांच्या साहाय्याने घुसखोराने संस्थेचे अनेक सर्व्हर काबीज केले. भांडार सुदैवाने शाबूत होते, पण तशी खात्री पटविण्यासाठी मोठी तपासणी करावी लागली. मुद्रेची पडताळणी आपोआप करणारे ॲप्ट स्थिर आवृत्तीत आले ते एप्रिल २००७ मध्ये, चौथ्या आवृत्तीबरोबर.

परंतु भांडाराची मुद्रा खरी असली, तरी भांडारात माल आणून टाकणारे हात कोणाचे, हे ठरविण्याचे काम गणित करीत नाही. त्यासाठी विकसकांच्या सार्वजनिक किल्ल्यांचा एक जुडगा राखला जातो, आणि तो राखणाऱ्या मोजक्या मंडळींपैकी मेक्सिकोतील गुन्नार वोल्फ यांच्या कामाकडे माझे लक्ष विशेष वेधले गेले. नव्या विकसकाची किल्ली जुन्या विकसकांनी स्वाक्षरी करून प्रमाणित करावी लागते, आणि त्यासाठी माणसांनी समोरासमोर भेटून, पारपत्र दाखवून, किल्लीच्या ठशाचे अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे, असा शिरस्ता आहे. डेबियनच्या वार्षिक परिषदांतून अशा भेटी घडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ही परिषद केरळात कोची येथे भरली होती. १०२४ बिटांच्या जुन्या किल्ल्या दुर्बळ ठरल्यावर वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुदत घातली, आणि १ जानेवारी २०१५ रोजी त्या जुडग्यातून काढून टाकल्या. ज्या विकसकाच्या आसपास दुसरा विकसकच राहत नाही, त्याने नव्या किल्लीसाठी साक्षीदार कोठून आणावेत? अशा एकेका माणसाची अडचण समजून घेत, पत्रे लिहीत, स्मरणे देत हे काम तडीस नेणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. कारण मुद्रेचे तेज शेवटी या कष्टाळू चिकाटीवर उभे आहे.

आता अडचणींविषयी. २००८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या जस्टिन कॅपोस आदी संशोधकांनी दाखवून दिले की दुष्ट मिररला मुद्रा खोटी करण्याची गरजच नाही. जुनी, खरी मुद्रा असलेली फेरिस्त तो पुन्हापुन्हा पुढे करू शकतो, आणि ग्राहक दुरुस्त झालेल्या दोषांसह निश्चिंत बसून राहतो. म्हणून सुरक्षा-दुरुस्त्यांच्या भांडारातील फेरिस्तींवर आता वैधतेची मुदत लिहिलेली असते. त्याच वर्षी मे महिन्यात याहून लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. २००६ मध्ये डेबियनने आपल्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजातून दोन ओळी काढल्या होत्या, आणि त्यामुळे त्यातून घडणाऱ्या किल्ल्यांची यदृच्छता जवळजवळ नाहीशी होऊन प्रत्येक प्रकारच्या फक्त ३२,७६८ किल्ल्या संभवत होत्या. सदोष पॅकेज सचोटीच्या माणसाने सद्‌हेतूने पाठविले होते, त्यावरची साखळी अखंड होती, मुद्रा निर्दोष होती.

सद्‌हेतू नसला तर काय होते, ते २९ मार्च २०२४ रोजी कळले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, डेबियनच्या विकसनशील आवृत्तीवर काम करताना, एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या साधनाने, आत शिरावयास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच जाणवले; आणि त्याचा माग काढता काढता तो एक्सझेड या संक्षेपण-ग्रंथालयात दडविलेल्या चोरवाटेपाशी पोचला. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणी दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करीत, एकट्याने ओझे वाहणाऱ्या मूळ चालकाचा विश्वास संपादन केला होता, आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत ती चोरवाट बेमालूम पेरली होती. त्या चोरवाटेलाही स्वाक्षरीचे कुलूप होते. हल्लेखोराच्या खाजगी किल्लीने स्वाक्षरित केलेलाच हुकूम ती मानीत असे. डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंत हा माल पोचला तो भांडाराच्या खऱ्या मुद्रेखाली.

२०१३ पासून डेबियनमध्ये एका वेगळ्या दिशेने प्रयत्न चालू आहे. एकच मूळ मजकूर दोन स्वतंत्र यंत्रांवर घडविला, तर दोन्हीकडे बाइट अन् बाइट सारखेच पॅकेज निघाले पाहिजे, म्हणजे घडविणाऱ्या यंत्राने वाटेत काही घुसडले तर ते उघडे पडेल. त्यासाठी आत उमटणाऱ्या तारखा, फाइलींचा क्रम, निर्देशिकेचे मार्ग असले शेकडो बारीक फरक एकेक करून निपटून काढावे लागतात. पण एक्सझेडमध्ये विष मूळ प्रकल्पाकडून आलेल्या संकलनातच होते. ते दोन्ही यंत्रांवर सारखेच उतरले असते.

एक्सझेडच्या त्या प्रसंगी उपाय मात्र याच व्यवस्थेतून गेला. ॲप्ट आपण होऊन मोठ्या क्रमांकावरून लहानाकडे जात नाही; म्हणून ५.४.५ या जुन्या, निर्धोक आवृत्तीला '५.६.१+रियली५.४.५' असा अवघडलेला क्रमांक देण्यात आला, तिचा ठसा फेरिस्तीत नोंदला गेला, फेरिस्तीचा 'रिलीज'मध्ये, आणि भांडाराच्या त्याच किल्लीने मुद्रांकित होऊन ती त्याच मिररांवरून रवाना झाली.