निळ्या पडद्यामागचा संशयित

लॅपटॉप वारंवार निळा पडदा दाखवून बंद पडू लागला की दोष विंडोजला किंवा जुन्या हार्डवेअरला दिला जातो. संशयितांत सुरक्षा सॉफ्टवेअरही धरायला हवे. अँटिव्हायरसचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात चालतो. ब्राउझर चुकला तर तो एकटाच बंद पडतो; गाभ्यातला ड्रायव्हर मेमरीच्या भलत्याच जागी पोहोचला, तर आणखी नुकसान टाळण्यासाठी विंडोज सगळेच थांबवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक असेच कोसळले. ड्रायव्हर २१ वे मूल्य वाचायला गेला, पण त्याला पुरवलेली मूल्ये २० होती. अनेक संगणक सेफ मोडमध्ये नेऊन त्या अपडेटची फाइल काढल्यावरच सावरले.

मग संरक्षणच सोडायचे का? तशी गरज नाही. बाहेरचा अँटिव्हायरस काढला की घरच्या लॅपटॉपवर विंडोजचा डिफेंडर सहसा आपोआप सुरू होतो, म्हणून तो काढून पाहण्याची चाचणी बिनधोक करता येते. कोसळताना विंडोज नोंद ठेवते त्या मिनिडंप फाइलमध्ये ड्रायव्हरचे नाव सापडते, हा पुरावा पुरेसा नाही का, असे कोणी विचारेल. नाही, खराब रॅमने किंवा दुसऱ्याच ड्रायव्हरने बिघडवलेली मेमरी वाचतानाही नाव आलेला ड्रायव्हर कोसळू शकतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा: आधी अँटिव्हायरस काढून काही दिवस पाहावे, मग नुकताच अपडेट झालेला ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यावा, नंतर रॅम तपासावी. विंडोज थेट नव्याने टाकल्यास दोष तात्पुरता दडू शकतो, कारण मात्र कळत नाही.